नांगर सुटण्याआधीचे तास

23 एप्रिल 1947 च्या संध्याकाळी वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्थकॉल गावाजवळच्या स्कर पॉइंटच्या खडकांवर ‘सामटाम्पा’ ही 7,219 टनांची मालवाहू आगबोट चढली आणि तिचे तीन तुकडे झाले. बोटीवर 39 माणसं होती. त्यांना आणायला मंबल्स गावाहून आठ जणांची लाइफबोट गेली. दुसऱ्या दिवशी ती लाइफबोट त्याच खडकांवर उलटी पडलेली मिळाली. 47 पैकी एकही माणूस वाचला नाही.

तिकडे आजही या दिवसाची आठवण निघते ती मुख्यतः त्या आठ स्वयंसेवकांसाठी, आणि ते रास्तच आहे. तांडेल विल्यम गॅमन याने तीनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर 1944 मध्ये, ‘शेबोग’ या कॅनडाच्या युद्धनौकेवरून 42 माणसं उतरवून आणली होती आणि त्याबद्दल त्याला सुवर्णपदक मिळालं होतं. पण ‘सामटाम्पा’ची गोष्ट लाइफबोट पाण्यात उतरली तिथून सांगायला लागलं की गफलत होते. लाइफबोट खडकांपाशी पोचेपर्यंत बोट वाचवण्याची वेळ केव्हाच टळली होती. त्या दिवशी जे काही करता येण्यासारखं होतं, ते नांगर धरून होते तेवढ्याच तासांत.

आमचं म्हणणं याच तासांबद्दल आहे. वादळात लाचार झालेल्या जहाजाला ओढून धरील असा ताकदवान टग सरकारने आपल्या खर्चाने बारा महिने तयार ठेवावा, आणि दोर टाकायचा हुकूम देणारा अधिकारी एकच असावा. त्या अधिकाऱ्याला कप्तानाच्या किंवा मालकाच्या होकारासाठी थांबावं लागू नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. त्यावर पुढे येऊच, आधी ‘सामटाम्पा’ खडकावर गेली कशी ते नीट पाहू.

ती लिबर्टी जातीची बोट. युद्धकाळात अमेरिकेने एका साच्यातून शेकड्यांनी काढलेल्या बोटींपैकी एक. लांबी 441 फूट, इंजिन 2,500 अश्वशक्तीचं, शांत समुद्रात भरल्या बोटीचा वेग जेमतेम 11 नॉट, म्हणजे तासाला वीसेक किलोमीटर. त्या दिवशी ती मिडल्सबरोहून न्यूपोर्टला रिकामी चालली होती. रिकामी बोट पाण्यावर उंच तरंगते. मग तिची उघडी पडलेली बाजू शिडासारखी वारा धरते, आणि मागचा पंखा अर्धा पाण्याबाहेर येतो. लाट खालून सरकली की पंखा हवेत फिरतो, इंजिन एकदम सुसाट सुटतं आणि तळातल्या माणसाला वाफ आवरावी लागते. लाट भरली की पुन्हा वाफ सोडायची. असं मिनिटाला कित्येकदा. 2,500 अश्वशक्तीपैकी बोट पुढे रेटायला किती उरत असेल ते यावरून ओळखावं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: 40 नॉटचा वारा 80 वर गेला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वारा किनाऱ्याकडे वाहत असताना असली बोट मोकळ्या समुद्राकडे तोंड करून निघूच शकत नाही. तिच्या हाती नांगर तेवढा राहतो.

नांगर वजनाने धरत नाही, साखळीने धरतो. तळाशी आडवी पडलेली लांबलचक साखळी नांगराला आडवं ओढते, म्हणून त्याचे पंजे तळात रुततात. साखळीला झोळ असतो तोवर ती स्प्रिंगसारखी हिसके पचवते. झोळ संपून साखळी ताठ झाली की दोनपैकी एक होतं: ओढ वरच्या दिशेने लागून नांगर उपटतो, नाही तर हिसका थेट कड्यांवर बसून साखळी तुटते. रिकामी बोट नांगरावर स्वस्थही राहत नाही. ती या बाजूहून त्या बाजूला झोके घेते आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला साखळीला धक्का देते.

त्यात ब्रिस्टल चॅनेल, म्हणजे वेल्सच्या दक्षिणेची ही खाडी. भरती-ओहोटीचा फरक जगात जिथे सर्वांत जास्त, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. समजा, ओहोटीला 15 मीटर पाण्यात 120 मीटर साखळी सोडली. खोलीच्या आठपट, म्हणजे उत्तम. पाणी 8 मीटर चढलं की खोली 23 मीटर झाली आणि तीच साखळी पाचपटीवर आली. कुणी काही चुकलं नाही, बोट तसूभर हलली नाही, तरी पकड निसटत चालली. 23 एप्रिलला अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते. म्हणजे उधाणाची भरती. याचा अर्थ कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला वेगळा सांगायला नको. ‘सामटाम्पा’च्या साखळ्या तुटल्या, आणि पुढे स्करचे खडक होते.

किनाऱ्यावर पोर्थकॉलचं रॉकेट पथक पोचलं होतं. या साधनाची रीत अशी: रॉकेटच्या शेपटीला बारीक दोरी बांधून ती जहाजावरून पलीकडे टाकायची. जहाजावरच्यांनी ती ओढली की तिच्यामागून कप्पी आणि अखंड फिरणारी दोरी येते. कप्पी डोलकाठीला उंच बांधायची. मग जाड दोर येतो, आणि त्यावरून चड्डी शिवलेलं जीवरक्षक कडं ये-जा करतं. एका खेपेला एक माणूस. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात: रॉकेट पोचेल इतकं अंतर, डोलकाठी उभी असणं, आणि हात मोकळे असलेली माणसं. सामटाम्पाच्या वेळी वारा समोरून होता, दोऱ्या अलीकडेच पडल्या.

लाइफबोटीची अडचण आणखी साधी होती. तिच्यावर रेडिओ नव्हता. पहिल्यांदा निघाली तेव्हा तिला आगबोट सापडली नाही. नेमकी जागा विचारायला तिला मंबल्सच्या दृष्टीपथात परत यावं लागलं आणि मग पुन्हा निघावं लागलं. अंधार पडत आला होता. त्यापुढचं कुणी पाहिलेलं नाही. अशा ठिकाणी लाइफबोट सहसा थेट बाजूला जात नाही. ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला आपला नांगर टाकते आणि दोर सोडत सोडत, मागे सरकत जहाजापाशी येते, म्हणजे परतीला तोच दोर ओढून बाहेर पडता येतं. पण उथळ खडकाळ पाण्यात लाट फुटत असेल तर या युक्तीलाही जागा उरत नाही.

(1947 हे वर्ष आपल्याकडेही तसंच गेलं. तीन महिन्यांच्या आत, 17 जुलैला, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तिच्यावरही वायरलेस नव्हतं. मुंबई बंदराला कित्येक तास पत्ता नव्हता. जी थोडी माणसं वाचली त्यातली बरीच कोळ्यांच्या होड्यांनी उचलली. तिथे रेडिओ असता तर फरक पडला असता. ‘सामटाम्पा’ला रेडिओ असलेली लाइफबोट मिळूनही पडला असता का, याची आम्हाला शंका आहे.)

शंका का, ते 17 मार्च 1969 च्या रात्रीने दाखवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळ ‘आयरीन’ हे लायबेरियात नोंदलेलं मालवाहू जहाज इंधन संपून वाहत चाललं होतं. वादळात यंत्र मोडलं, असं काही नव्हतं, टाकीच रिती झाली होती. लाँगहोपची ‘टी.जी.बी.’ ही लाइफबोट निघाली. तिच्यावर रेडिओ होता, अनुभवी माणसं होती. तांडेल डॅनियल कर्कपॅट्रिक याच्याकडे शौर्याची तीन रौप्यपदकं होती. आग्नेयेचं वादळ पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीतल्या जबर ओढीवर समोरून आदळत होतं. असं झालं की लाटा बुटक्या-लांब न राहता उभ्या भिंतीसारख्या होतात. ‘आयरीन’ साउथ रोनाल्डसे बेटाला लागली आणि तिच्यावरची सतराच्या सतरा माणसं किनाऱ्यावरच्या पथकाने दोरावरून सुखरूप उतरवली. लाइफबोट दुसऱ्या दिवशी उलटी तरंगताना सापडली. आठही गेले. तांडेल आणि त्याचे दोन मुलगे, यंत्र सांभाळणारा आणि त्याचे दोन मुलगे. दोन घरांतले सहा पुरुष एका रात्रीत.

यानंतर ब्रिटनमध्ये काय झालं? चर्चा झाली ती उलटल्यावर आपोआप सरळ होणाऱ्या लाइफबोटींची. जुने तांडेल असल्या बोटींना नाखूश असत, कारण सरळ होण्यासाठी दोन्ही टोकांना उंच हवापेट्या आणि अरुंद बांधणी लागे, मग बोट जास्त डोले. पुढे रचना सुधारली आणि सगळा ताफा तसा करायचं ठरलं. चांगलं झालं. पण त्या रात्रीचा मूळ प्रश्न बोट सरळ होण्याचा नव्हताच. इंधन संपलेलं जहाज तासन्‌तास वाहत असताना त्याला दोर टाकायचं काम कुणाचं होतं, हा होता. उत्तर: कुणाचंच नाही.

उत्तर तसं का होतं हे कळायला बचावाचा धंदा कळावा लागतो. समुद्रावरचा टग साधारणपणे ‘लॉइड्स ओपन फॉर्म’ नावाच्या करारावर काम करतो. तत्त्व असं की यश नाही तर पैसा नाही. आणि यश आलं तर जहाज अधिक माल यांच्या वाचलेल्या किमतीतून लवाद बक्षीस ठरवतो. ते मोठं असू शकतं. त्यामुळे कप्तान हो म्हणायला कचरतो आणि आधी मालकाला विचारतो. 16 मार्च 1978 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘अमोको कादिझ’ या टँकरचं सुकाणू सकाळी निकामी झालं, टग दुपारपर्यंत हजर झाला, तरी कोणत्या अटीवर ओढायचं याची घासाघीस तासन्‌तास चालली. रात्री जहाज खडकांवर गेलं आणि दोन लाख टनांहून जास्त तेल सांडलं. फ्रान्सने त्यातून लगेच बोध घेतला आणि ब्रेस्टला सरकारी खर्चाने मोठा टग उभा केला.

ब्रिटनने घेतला नाही, आणि 19 डिसेंबर 1981 ला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘युनियन स्टार’ उभी राहिली. नवं कोरं छोटं मालवाहू जहाज, पहिलीच फेरी, हॉलंडहून आयर्लंडला खत घेऊन. इंधनात समुद्राचं पाणी शिरून इंजिन बंद पडलं. डच टग जवळ होता, त्याने वरच्याच करारावर मदत देऊ केली, कप्तानाने सुरुवातीला नकार दिला. नौदलाच्या हेलिकॉप्टरला जहाजाची डोलणारी डोलकाठी चुकवून दोर सोडता येईना. शेवटी माउसहोल गावच्या आठ स्वयंसेवकांची ‘सॉलोमन ब्राउन’ गेली, चार माणसं उचलल्याचा तिचा रेडिओ संदेश आला, आणि मग शांतता. जहाजावरचे आठ, लाइफबोटीवरचे आठ, सगळे गेले. चौकशीत मुख्य कारण ठरलं ते इंजिन आणि वादळ. कप्तानाला दोष देणं इथे सोपं आहे आणि आम्हाला ते पटत नाही. ज्या माणसाच्या नोकरीचा धनी दुसरीकडे बसला आहे, त्याने अंधारात, पाच मिनिटांत, जहाजाच्या किमतीचा मोठा वाटा परस्पर देऊन टाकायचा निर्णय घ्यावा ही अपेक्षाच चूक आहे. तो निर्णय त्याच्या हातून काढून घेतला पाहिजे.

ब्रिटनने तो शेवटी काढून घेतला, तेल सांडल्यावर. जानेवारी 1993 मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांना ‘ब्रेअर’ हा टँकर फुटला, 84,700 टन तेल गेलं. लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशी अहवालानंतर 1994 पासून सरकारी खर्चाचे ओढ-टग आले. 1996 च्या ‘सी एम्प्रेस’ या टँकरच्या तेलगळतीनंतर, 1999 मध्ये, एक स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. त्याच्या पदाची खुबी अशी की बचाव चालू असताना मंत्र्यालाही त्याला हुकूम देता येत नाही. मंत्र्याने एक तर पाठीशी उभं राहावं, नाही तर त्याला काढावं. माणसं मेल्यावर जे झालं नाही ते पक्षी तेलात माखल्यावर झालं, हे जरा बोचतंच. आणि 2011 मध्ये खर्च वाचवण्यासाठी त्याच सरकारने स्कॉटलंडकडचा भाग सोडून बाकीचे टग बंदही केले.

आता आपल्याकडे. 2011 च्या पावसाळ्यात मुंबईने तीन जहाजं पाहिली. 11 जूनला भंगारासाठी कोलंबोहून अलंगला ओढून नेताना दोर तुटलेलं ‘विस्डम’ जुहूला लागलं. 31 जुलैला ‘पवित’, ज्यावरची माणसं महिन्याभरापूर्वी ओमानच्या बाजूला उतरवली होती, निर्मनुष्य वाहत येऊन पुन्हा जुहूलाच लागलं. लोक बायकापोरांसह बघायला गेले, भेळवाल्यांचा धंदा झाला. 4 ऑगस्टला ‘रॅक कॅरियर’ साठ हजार टनांवर कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडालं. 30 खलाशी वाचवले गेले. तिन्हींत माणसं मेली नाहीत, म्हणून विषय जुहूच्या वाळूतच राहिला.

17 मे 2021 ला तौक्तेने तो बाहेर काढला. मुंबईच्या नैर्ऋत्येला हीरा तेलक्षेत्रात ‘पी-305’ हा राहण्याचा तराफा होता, त्यावर 261 माणसं. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. तो नांगरांवर उभा राहतो आणि हलवायला टग लागतो. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून होते. तराफा भाड्याने घेतलेल्या कंपनीच्या निवेदनानुसार वाऱ्याचा अंदाज 40 नॉटचा धरून तो तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मपासून 200 मीटर मागे घेऊन तिथेच ठेवला गेला. नांगर सुटले, तराफा वाहत प्लॅटफॉर्मवर आदळला, भोक पडलं. फुगवायचे जीवरक्षक तराफे बरेचसे निकामी होते असं वाचलेल्यांनी सांगितलं. ‘आयएनएस कोची’ आणि इतर नौकांनी रात्रभर त्या समुद्रात माणसं वेचली. 186 वाचली. सोबतचा ‘वरप्रदा’ टगही बुडाला. दोन्हींचे मिळून 86 मेले.

दोनशे मीटर. वाहत्या जहाजाचा वेग वादळात दोन नॉट धरला तरी मिनिटाला साठेक मीटर होतात. म्हणजे नांगर सुटल्यावर हाती सव्वातीन मिनिटं होती. नौदलाच्या पराक्रमाचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, हा सव्वातीन मिनिटांचा हिशेब कुणी मांडत नाही. त्याच वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा दुसरा तराफा 137 माणसांसह वाहत पालघरच्या किनाऱ्याकडे गेला आणि सगळे वाचले. त्याला वाहायला मोकळं पाणी मिळालं, आणि ‘वॉटर लिली’ हा आणीबाणीचा टग मदतीला पाठवता आला.

म्हणजे असा टग आपल्याकडे आहेच की, असं कुणी म्हणेल. नौवहन महासंचालनालय तो हंगामापुरता भाड्याने घेत आलं आहे. पण आपल्या समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आत थोडीच राहतात? फयान 11 नोव्हेंबर 2009 ला आलं, निसर्ग 3 जून 2020 ला, तौक्ते मेच्या मध्यात. पश्चिम किनाऱ्याला चक्रीवादळं मुख्यतः पावसाळ्याच्या दोन्ही कडांना भेटतात. तेव्हा किमान एप्रिलअखेर ते डिसेंबर टग उभा हवा, आणि खरं तर वर्षभर, कारण इंजिन वादळ बघून बंद पडत नाही.

तटरक्षक दल कशाला आहे, हा दुसरा प्रश्न. 1554 ला फोन केला की जे दल येतं त्याच्या कामाबद्दल तक्रार नाहीच. पण वेगवान गस्ती नौकेचं इंजिन धावायला बनवलेलं असतं, ओढायला नाही. मोठ्या भरल्या जहाजाला वादळात नुसतं जागेवर धरायलाच शंभर टनांच्या आसपास ओढ लागते, आणि ती मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यातून येते. शिवाय मेलेल्या जहाजावर वीज नसते, म्हणून नांगराचं यंत्र चालत नाही, म्हणून टगचा जाड दोर हाताने वर घ्यावा लागतो. आधी बारीक दोरी, मग मनगटाएवढी, मग मुख्य दोर. सराव असलेल्या टगलाही यात तासभर सहज जातो. नवशिक्याचा दोर पहिल्याच हिसक्याला तुटतो, आणि दुसऱ्यांदा संधी मिळेलच असं नाही. ‘ब्रेअर’नंतर 20,000 टनांवरच्या टँकरांना दोर घ्यायची तयार सामग्री ठेवणं सक्तीचं झालं ते यासाठीच. बाकी मालवाहू जहाजांना कागदावरच्या सूचनांची पुस्तिका तेवढी लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. वर्षातले बहुतेक दिवस टग रत्नागिरीला किंवा मुंबईला बांधलेला दिसेल आणि लेखापरीक्षक विचारील की याने केलं काय. अग्निशामक दलाच्या बंबाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तरीही वाट निघते: प्रत्येक मोठ्या जहाजाकडून बंदर शुल्काबरोबर आणि तेलक्षेत्रात काम करणाऱ्या ठेकेदारांकडून ठेक्याबरोबर ठरावीक रक्कम घ्यावी. ज्यांच्यामुळे धोका आहे त्यांनीच खर्च भरावा.

पैशापेक्षा अवघड आहे तो हुकूम. तेलक्षेत्रात एकाचा अधिकार, बंदरहद्दीत दुसऱ्याचा, बाहेर तिसऱ्याचा, आणि तराफ्याचा मालक, भाड्याने घेणारा, काम देणारा हे निराळेच. इशारा आल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याला कळवतो, आणि कळवल्याचा पुरावा जपून ठेवतो. म्हणून तीन गोष्टी लिहूनच ठेवाव्यात. चक्रीवादळाचा अंदाज अमुक नॉटवर गेला की स्वतःचं इंजिन नसलेला प्रत्येक तराफा 48 तास आधी बंदरात, यात कुणाच्या अंदाजाला वाव नाही. किनाऱ्यापासून किंवा प्लॅटफॉर्मपासून बारा तासांच्या वाहत्या अंतरात कुठल्याही जहाजाचं इंजिन बंद पडलं की अर्ध्या तासात टगने बंदर सोडायचं, ‘आम्ही दुरुस्ती करतोय’ असं कप्तान म्हणत असला तरी. दुरुस्ती झाली तर टग परत येईल, डिझेल जाईल, एवढंच. आणि दोर टाकायचा हुकूम एका नावाने निघेल. बक्षिसाची रक्कम किती आणि ती कुणी द्यायची, ते वकिलांनी नंतर कोरड्या जमिनीवर ठरवावं.